होडीला इंजिन बसवताय? ‘यांत्रिक’ या शब्दाचा अर्थ आधी समजून घ्या

खाडीत, खाजणात किंवा धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्या अनेक कुटुंबांची होडी आता वल्ह्यांवरून इंजिनावर येत आहे. कोणी जुन्या लाकडी होडीला मागे आउटबोर्ड इंजिन लावतो, कोणी अनुदानातून नवी फायबरची होडी घेतो. उथळ पाण्यात आणि चिखलात चालेल अशी छोटी होडी आणि हलके इंजिन, एवढीच बहुतेकांची गरज असते. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती किंमत, अश्वशक्ती आणि अनुदान यांची. होडीला इंजिन बसले की सरकारी कागदावर तिचा प्रकार बदलतो, ही गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. प्रकार बदलला की काही योजना लागू होतात, काही सुटतात आणि काही बंधने नव्याने येतात. हा बदल काय आहे आणि नव्या होडीमालकाने कोणत्या क्रमाने काय करावे, ते या लेखात पाहू.

होड्यांचे प्रकार तीन, मराठीत शब्द दोनच

केंद्र सरकारच्या इंग्रजी कागदपत्रांत मासेमारी नौकांचे तीन प्रकार केलेले असतात. पहिला प्रकार वल्ह्यांवर किंवा शिडावर चालणाऱ्या होडीचा. दुसरा, होडीला बाहेरून इंजिन लावलेल्या, म्हणजे आउटबोर्डवाल्या होडीचा. तिसरा, इंजिन होडीच्या आत कायमचे बसवलेल्या मोठ्या नौकेचा. मराठी परिपत्रकांत आणि फलकांवर मात्र बहुतेक वेळा दोनच शब्द दिसतात: ‘यांत्रिक’ आणि ‘बिगर यांत्रिक’. मधल्या प्रकाराला स्वतंत्र नावच मिळत नाही.

दिल्लीत बसून योजनांचे मराठी करताना हा गोंधळ कसा होतो, ते मी जवळून पाहिले आहे. इंग्रजीतले दोन वेगवेगळे शब्द समोर असतात आणि दोन्हींसाठी ‘यांत्रिक’ हा एकच शब्द सहज लिहिला जातो. सुरुवातीला मीही तसेच लिहीत असे. वाक्य मराठीत नीट वाचता येते, पण खाडीतल्या आउटबोर्डवाल्याला ते आपल्याबद्दल आहे की ट्रॉलरबद्दल, हे कळत नाही. म्हणून या लेखात पुढे तीन नावे वापरली आहेत: वल्ह्याची होडी, आउटबोर्डची होडी आणि आतल्या इंजिनाची नौका.

आउटबोर्डची होडी विसरली जाण्यामागे संख्येचेही कारण आहे. २०१० च्या सागरी मच्छीमार जनगणनेत महाराष्ट्रात १७,३६२ मासेमारी नौका मोजल्या गेल्या. त्यांत आतल्या इंजिनाच्या १३,०१६, वल्ह्याच्या किंवा शिडाच्या २,७८३ आणि आउटबोर्डच्या फक्त १,५६३ होत्या. राज्यातला सर्वांत छोटा गट हाच होता. त्यामुळे नियम आणि अर्ज लिहिताना डोळ्यांसमोर एक तर मोठी नौका असते, नाही तर वल्ह्याची होडी. मधल्या होडीवाल्याने आपला प्रकार स्वतःच विचारून घ्यावा लागतो.

तुमची होडी आधीच नोंदलेली असेल तर तिचा प्रकार नोंदणी क्रमांकातच दिसतो. क्रमांक ‘आयएनडी’ या अक्षरांनी सुरू होतो. पुढे राज्यासाठी ‘एमएच’ आणि त्यानंतर आकडा असतो. मग येणारी दोन अक्षरे प्रकार सांगतात. ‘एमएम’ म्हणजे आतल्या इंजिनाची नौका आणि ‘एमओ’ म्हणजे आउटबोर्डची होडी. होडी जुनी असेल आणि इंजिन नंतर लावले असेल, तर क्रमांकातली अक्षरे आणि प्रत्यक्षातली होडी जुळतात का, हे तपासा. जुळत नसतील तर अनुदान, कर्ज किंवा विमा यांच्या पडताळणीच्या वेळी अडचण येऊ शकते.

पावसाळी बंदी: इंजिनाबरोबर येणारे ६१ दिवस

इंजिन बसवण्याचा सर्वांत मोठा परिणाम पावसाळ्यात जाणवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्य सरकारचा आदेश चालतो, त्यापलीकडे केंद्राचा. राज्याच्या आदेशात पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्या ‘बिगर यांत्रिक’ नौकांना सूट असते. केंद्राच्या आदेशात हीच सूट ज्या होडीला इंजिनच नाही अशा पारंपरिक होडीसाठी आहे.

आपली होडी लहान आहे, खोल समुद्रात जात नाही, म्हणून ती बिगर यांत्रिक धरली जाईल, असा समज काही ठिकाणी आहे. तो धोक्याचा आहे. सूट होडीच्या लांबीवर ठरत नाही, इंजिन आहे की नाही यावर ठरते. पाच-सहा अश्वशक्तीचे छोटे आउटबोर्ड लावले तरी ती होडी वल्ह्याची राहत नाही. बंदी मोडल्यास महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली कारवाई होते. बंदीच्या काळात मासेमारी करताना होडीला अपघात झाला तर शासनाकडून नुकसानभरपाई मिळत नाही, हेही दरवर्षीच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेले असते.

म्हणून इंजिन घेण्याआधी घरात बसून हिशेब करा. जून-जुलैत तुमच्या घराची किती कमाई खाडीतल्या वल्ह्याच्या होडीवर होते? पहिल्या पावसानंतर खाडीच्या तोंडाशी आणि खाजणात मिळणारी मासळी काही घरांचा वर्षाचा मोठा आधार असते. तसे तुमच्या घरी असेल, तर इंजिनामुळे वर्षाचे उरलेले दहा महिने किती जास्त मिळेल आणि या दोन महिन्यांत किती जाईल, हे दोन्ही आकडे समोर मांडा. वल्ह्याची जुनी होडी चालण्याजोगी असेल, तिची स्वतंत्र नोंद असेल आणि अनुदानाच्या अटीत ती मोडीत काढायची नसेल, तर ती ठेवण्याचा विचार करता येतो.

खाडीत आत किती अंतरापर्यंत बंदी लागू होते, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. याचे उत्तर जेट्टीवरच्या चर्चेतून घेऊ नका. तुमच्या भागाच्या मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत होडीच्या कागदांबरोबर ठेवा. धरणातल्या मासेमारीचे नियम वेगळे असतात. तिथे मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे ठेक्याच्या अटी संस्थेकडून वाचून घ्याव्यात.

अनुदान: ‘एकक किंमत’ आणि ‘बदली’ हे दोन शब्द पाहा

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना १० सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाली. आधी तिची मुदत २०२४-२५ पर्यंत होती, नंतर ती २०२५-२६ पर्यंत वाढवण्यात आली. तुम्ही अर्ज कराल तेव्हा होडीच्या घटकासाठी निधी आहे का आणि अर्ज घेणे चालू आहे का, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात आधी विचारा.

या योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी आणि जाळी देण्याचा एक घटक आहे. त्याची एकक किंमत ५ लाख रुपये धरली आहे. सर्वसाधारण गटाला एकक किमतीच्या ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान मिळते. ही टक्केवारी तुमच्या बिलावर मोजली जाईल, असे धरून चालू नका. वरची मर्यादा एकक किमतीने ठरते.

समजा, होडी, जाळी आणि बाकी साहित्य मिळून बिल ६ लाख २० हजार झाले. सर्वसाधारण गटातल्या लाभार्थ्याला ५ लाखांचे ४० टक्के, म्हणजे २ लाख रुपये मिळतील. उरलेले ४ लाख २० हजार त्याने घालायचे. महिला लाभार्थीला ३ लाख मिळतील आणि तिचा वाटा ३ लाख २० हजार होईल. बिल ४ लाख ५० हजारच झाले, तर हिशेब त्या रकमेवर होईल: ४० टक्क्यांनी १ लाख ८० हजार आणि ६० टक्क्यांनी २ लाख ७० हजार. ‘सरकार ६० टक्के देते’ एवढेच ऐकून विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याआधी हा हिशेब कागदावर करा.

या घटकाच्या नावात ‘बदली’ हा शब्द आहे. जुन्या होडीच्या जागी नवी होडी, असा त्याचा अर्थ. त्यामुळे जुनी होडी तुमच्या नावावर आहे का, तिचा नोंदणी क्रमांक आणि परवाना चालू आहे का, हे प्रश्न येणारच. वडिलांच्या नावावरची होडी मुलगा वापरत असेल, तर अर्ज करण्याआधी वारसनोंद करून घ्या. जुन्या होडीचे पुढे काय करायचे, तेही मंजुरीच्या पत्रात वाचा.

साठ टक्के मिळतात म्हणून घरातल्या स्त्रीच्या नावाने अर्ज केला जातो. त्यात गैर काही नाही. पण मग होडीची मालकीण खऱ्या अर्थाने तीच असते. परवाना, बँक खाते, कर्ज आणि परतफेड सगळे तिच्या नावावर येते. प्रत्येक कागद तिने वाचलेला असावा आणि सही तिनेच केलेली असावी. हप्ता थकला तर नोटीस तिच्याच नावाने येईल, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

मंजुरीचे पत्र हातात येण्याआधी खरेदी करू नका. खरेदी झाल्यावर होडीची प्रत्यक्ष पाहणी होते, मग अनुदान आधार जोडलेल्या खात्यात जमा होते. म्हणजे मधल्या काळात सगळी रक्कम तुम्हाला उभी करावी लागते. ती कुठून येणार आणि तिच्यावर किती व्याज जाणार, हा खर्चही होडीच्या किमतीत धरा.

तेल: डिझेल की पेट्रोल

महाराष्ट्रात मासेमारी नौकांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती मिळते आणि ती मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत येते. ही सवलत डिझेलची आहे. छोटी आउटबोर्ड इंजिने मात्र बहुतेक पेट्रोलवर चालतात. शेजारच्या मोठ्या नौकेला प्रतिपूर्ती मिळते म्हणून आपल्यालाही मिळेल, असे समजून पेट्रोलचे इंजिन घेतले तर तेलाचा हिशेब चुकतो. डिझेलचे इंजिन घेणार असाल तर संस्थेत आधी विचारा: आपल्या प्रकारच्या होडीला कोटा मिळतो का, सभासद किती काळ असावे लागते आणि मागची प्रतिपूर्ती किती महिन्यांची थकलेली आहे?

ज्या योजना आउटबोर्डच्या होडीला लागू आहेत

शब्दांच्या गोंधळाचा दुसरा तोटा असा की आपल्या हक्काची गोष्टही मागितली जात नाही. याची दोन उदाहरणे पाहा.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौकांसाठीच्या संपर्क व साहाय्य यंत्रणेची देशभरातली अंमलबजावणी सुरू झाली. किनारपट्टीच्या १३ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना आहे. हे यंत्र इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालते. मोबाइलचे नेटवर्क नसले तरी त्यातून दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येतात आणि मदत मागता येते. नौकामालकाला त्यासाठी पैसे पडत नाहीत. या योजनेच्या इंग्रजी मजकुरात आतल्या इंजिनाच्या आणि आउटबोर्डच्या, अशा दोन्ही नौकांचा उल्लेख आहे. म्हणजे ही योजना फक्त ट्रॉलरवाल्यांची नाही.

दुसरे उदाहरण सुरक्षा साहित्याच्या संचाचे. मत्स्य संपदा योजनेत हा घटक पारंपरिक आणि आउटबोर्डच्या होड्यांवरील मच्छीमारांसाठी आहे. इथे तर तुमचा प्रकार नावानेच लिहिलेला आहे. कार्यालयात ‘यांत्रिक बोटीला मिळत नाही’ असे उत्तर आले, तर होडीच्या नोंदणीतली ‘एमओ’ अक्षरे दाखवा आणि घटकाचे पूर्ण नाव वाचून पाहण्याची विनंती करा.

किसान क्रेडिट कार्डाच्या बाबतीतही नोंदणीच महत्त्वाची आहे. मच्छीमारांना हे कार्ड २०१८-१९ पासून मिळू लागले. समुद्रात आणि खाडीमुखात मासेमारी करणाऱ्यांसाठी नोंदलेली होडी मालकीची किंवा भाड्याने घेतलेली असणे आणि मासेमारीचा परवाना असणे, ही पात्रतेची अट आहे. या कार्डावरचे कर्ज तेल, बर्फ, मजुरी अशा चालू खर्चासाठी असते, होडी विकत घेण्यासाठी नाही. १ जानेवारी २०२५ पासून तारणाशिवाय मिळणाऱ्या शेती व संलग्न कर्जाची मर्यादा २ लाख रुपये झाली आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज आणि विमा या बाबतींत त्याचा उपयोग होऊ शकतो. पण त्यामुळे होडीची नोंदणी, परवाना किंवा पावसाळी बंदी यांत काही सूट मिळाली, असे समजू नका.

विमा माणसाचा वेगळा, होडीचा वेगळा

मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास २ लाख ५० हजार आणि अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास २५ हजारांपर्यंत खर्च, असे त्याचे स्वरूप आहे. १८ ते ७० वर्षे वयाच्या मच्छीमाराला तो मिळू शकतो आणि हप्ता सरकार भरते.

हा विमा माणसाचा आहे. होडी बुडाली, इंजिन वाहून गेले किंवा जाळे फाटले तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी होडीचा वेगळा विमा काढावा लागतो. दुसरी गोष्ट, मालकाच्या नावाची नोंद झाली म्हणजे बरोबर येणाऱ्या भावाची किंवा खलाशाची होत नाही. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचे नाव यादीत आहे का, हे संस्थेत जाऊन डोळ्यांनी पाहा. अपघातानंतर नाव घालता येत नाही.

मासेमारीची होडी म्हणजे प्रवासी बोट नव्हे

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. धरणाच्या दोन काठांवरची गावे पाण्यातून जवळ आणि रस्त्याने लांब असतात, म्हणून अशी ये-जा सर्रास चालते. नव्या इंजिनाच्या होडीवाल्यालाही शेजारी विचारतातच, ‘जाता जाता पलीकडे सोडशील का?’

मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत. प्रवासी वाहतुकीसाठी होडीची वेगळी तपासणी आणि परवानगी लागते आणि ते काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते. परवानगी नसताना माणसे नेली आणि अपघात झाला, तर विमा नाकारला जाऊ शकतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, पण ते काठावरच म्हणावे. आपल्या होडीत जेवढी माणसे, तेवढी जीवरक्षक जॅकेटे हवीत. ती अंगात घातलेली हवीत, फळीखाली ठेवलेली नकोत. मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागले की काठ गाठावा.

चिखलात इंजिन आणि जीव कसा सांभाळावा

कागद नीट झाले की रोजचा प्रश्न उरतो तो चिखलाचा. साधे आउटबोर्ड इंजिन थंड राहण्यासाठी खालून पाणी ओढते. उथळ जागी पाण्याबरोबर गाळही ओढला जातो. पंपातला रबरी पंखा झिजतो, पाण्याची वाट बुजते आणि इंजिन तापते. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडत असते. तिच्याकडे लक्ष ठेवायची सवय लावा. धार बारीक झाली किंवा थांबली तर इंजिन लगेच बंद करा. खाडीचे पाणी खारे असते, म्हणून घरी आल्यावर इंजिन गोड्या पाण्यावर काही मिनिटे चालवून आतला गाळ आणि मीठ धुऊन काढा.

हवेवर थंड होणारे, लांब दांड्याचे इंजिन हा दुसरा पर्याय. थायलंडमधल्या होड्यांवर अशी इंजिने फार पूर्वीपासून आहेत. त्याला पाणी ओढावे लागत नाही आणि दांडा उचलून पंखा पाण्याच्या वरच्या थरात ठेवता येतो, म्हणून ते उथळ पाण्यात सोयीचे पडते. पण आवाज जास्त होतो, आणि लांब दांड्याच्या टोकाला उघडा फिरणारा पंखा असल्यामुळे जाळे गुंतण्याचा आणि माणसाला इजा होण्याचा धोकाही जास्त असतो. कोणतेही इंजिन घ्या, ते तुमच्या नोंदणीत आणि विम्यात धरले जाईल का, हे आधी विचारा. इंजिनाचे बिल आणि त्यावरचा क्रमांक जपून ठेवा. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधल्याशिवाय निघू नका. माणूस पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन थांबते.

फायबरच्या होडीचा तळ कालवांच्या कवचांवर आणि दगडांवर घासून चिरतो. वरचा थर चिरला की पाणी आत मुरते आणि होडी जड होते. चीर दिसली की त्याच आठवड्यात बुजवून घ्या.

भरतीचा हिशेब कोकणात जुना आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. खाडीत जेवढे आत जाल, तेवढा आणखी उशीर होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढते आणि तेवढेच वेगाने उतरते. नवशिका फसतो तो याच ओहोटीत. बारीक नाळीत शिरायचे ते पाणी चढत असताना, आणि पाणी फिरण्याआधी बाहेर पडायचे. ओहोटीत आत अडकलात तर पाणी पुन्हा चढेपर्यंत कित्येक तास होडी तिथेच बसते.

होडी चिखलात बसली तर इंजिन जोराने फिरवू नका. पंखा गाळात आणखी रुततो आणि इंजिन जळते. इंजिन वर उचला, नांगर टाका आणि पाण्याची वाट पाहा. ढकलण्यासाठी खाली उतरू नका. गाळात माणूस मांडीपर्यंत रुतला की एकट्याने निघणे अवघड असते आणि मागून भरती येत असते. पिण्याचे पाणी, विजेरी, शिट्टी, वल्ही आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला मोबाइल एवढे होडीत कायम असू द्या. समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि इतर कुठेही ११२.

कोणत्या क्रमाने काय करावे

१. मच्छीमार सहकारी संस्थेत तुमची आणि बरोबरच्या माणसांची नावे आहेत का, ते पाहा.

२. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी करा. हा मंच सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. स्वतः जमत नसेल तर सामायिक सेवा केंद्रात जा. आधार, बँक पासबुक आणि आधार जोडलेला मोबाइल बरोबर न्या.

३. परवाना अधिकाऱ्याला विचारा: इंजिन बसवल्यावर माझी होडी कोणत्या प्रकारात जाईल आणि पावसाळी बंदी मला कुठपर्यंत लागू होईल? उत्तर लेखी घ्या.

४. एकक किंमत धरून अनुदानाचा आणि स्वतःच्या वाट्याचा हिशेब करा. त्यात जून-जुलैचे दोन महिने आणि मधल्या काळातले व्याज धरा.

५. मंजुरीचे पत्र आल्यावरच खरेदी करा. होडी आणि इंजिन यांची पक्की बिले घ्या.

६. नोंदणी आणि परवाना दोन्ही नव्या प्रकारात करून घ्या. क्रमांक होडीवर ठळक रंगवा.

७. माणसांचा आणि होडीचा विमा वेगवेगळा तपासा. मगच होडी पाण्यात घाला.

कार्यालयात बोलताना ‘माझी बोट यांत्रिक आहे का?’ असा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर प्रत्येक टेबलावर वेगळे मिळू शकते. ‘माझ्या होडीला बाहेरून लावलेले इंजिन आहे, ही योजना तिला लागू आहे का?’ असे विचारा. मग तुमच्या होडीबद्दलच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.